आदि माने व कुटुंब

अश्मयुग हजारो वर्षांपूर्वी संपलं असं पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तकं शहाणी माणसं लिहितात, त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण माझ्या ट्रंकेत एक कागद आहे. त्यावर गोल शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. त्या कागदान्वये अश्मयुगातल्या एका इसमाला कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात, सात दिवसांच्या आत जागा खाली करण्याची नोटीस बजावलेली आहे. आता पुस्तक खरं मानायचं की शिक्का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी तेव्हापासून गोंधळलेला आहे तो आहेच.

मी त्या वेळी पेठेतल्या एका मराठी शाळेत तिसरी ब ला शिकवत होतो. आमच्या हेडमास्तरीण कालिंदीबाई. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. डिसेंबरच्या दोन तारखेला त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला की समजावं, बातमी वाईट आहे. त्यांना समोरच्याचं तोंड बघवत नाही.

“हेर्लेकर गुरुजी, तुमचा पट किती?”

“सदतीस.”

“चाळीस पाहिजेत. तीस तारखेला साहेब मोजायला येणार. एक जरी कमी भरलं तरी ब तुकडी बंद. पोरं अ मध्ये जातील आणि तुम्ही जादा.”

जादा म्हणजे काय, हे शिक्षकाच्या जातीलाच कळेल. जादा झालेल्या शिक्षकाला कचेरीत नेऊन आवक-जावकच्या टेबलाशी बसवतात. तिथं दिवसभर कागद येतात आणि कागद जातात, पण एकही कागद ‘गुरुजी, मग पुढं काय झालं?’ असं विचारत नाही. मला थापा मारायची, म्हणजे गोष्टी सांगायची, सवय आहे. त्याला आठ वर्षांचा श्रोता लागतो. सात वर्षांच्याला कळत नाही, आणि नवव्या वर्षी पोरगं ‘खरंच का?’ असं विचारायला लागतं. तिसरीचा वर्ग गेला असता तर माझी वाचाच गेली असती.

तीन पोरं कुठून आणायची? आमची बरीच गिऱ्हाईकं शेजारच्या नव्या शाळेनं पळवली होती. तिथं बँड होता. आमच्याकडं घंटा होती, तीही रुळाचा तुकडा.

उपाय सुचला तो इतिहासाच्या तासाला. आदिमानवाचा धडा चालला होता. मी सांगत होतो की तेव्हा घर नव्हतं, गाव नव्हतं, शेत नव्हतं, भांडी नव्हती. माणूस कंदमुळं उकरायचा, शिकार करायचा आणि विस्तवावर भाजून खायचा.

“गुरुजी, भांडीच न्हवती तर रस्सा कशात करायचा?”

“रस्सा नव्हताच.”

वर्गात शोककळा पसरली. मागच्या बाकावरून एक हळवा आवाज आला, “तांबडा न्हाय आन् पांढराबी न्हाय?”

“दोन्ही नाहीत.”

“मग ती माणसं मेली ते बरंच झालं की!”

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तोंडी सांगून कोल्हापूरच्या पोराला आदिमानव पटणार नाही. तो उभा करून दाखवला पाहिजे. शाळेलगत मोकळी जागा होती. तिथं आदिमानवाची झोपडी बांधायची, आत कुटुंब मांडायचं, आठवडाभर देखावा ठेवायचा. पेठेतली माणसं म्हैस व्यायली तरी बघायला जमतात. देखावा म्हटल्यावर सगळी पेठ लोटणार. पोरांसकट आईबाप येतील, आमची शाळा बघतील, त्यातून तीन पोरं निघतीलच. बेत चोख होता. मी घातलेले सगळे घोळ अशाच चोख बेतातून निघालेले आहेत.

मोठ्या बाई म्हणाल्या, “जागेची परवानगी घ्या. कागद पाहिजे.”

मी अर्ज लिहिला. माझं अक्षर वळणदार आहे. लोक स्तुती करतात म्हणून मी ते जरा जास्तच वळवतो, आणि त्यामुळं ते जागाही जास्त खातं. ‘सदर जागेत आदिमानव कुटुंब एक आठवडा राहील’ असं मी लिहीत गेलो आणि ‘आदिमान’ला ओळ संपली. ‘व कुटुंब एक आठवडा राहील’ हे खालच्या ओळीवर गेलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट दोन्ही ओळी सुबक दिसत होत्या.

अर्ज एका कचेरीत दिला. कुठल्या ते सांगत नाही. सांगितलं नाही की प्रत्येकाला ती आपल्या ओळखीचीच वाटते.

परवानगी येईल तेव्हा येईल, म्हणून मी बांधकामाला लागलो. शेजारचे अप्पा ताबडतोब हजर झाले. अप्पा रिटायर तलाठी. त्यांना जगातल्या कुठल्याही जागेची चतुःसीमा तोंडपाठ असायची आणि आपलं मत मात्र कुठंच सीमेत राहायचं नाही.

“दार कुणीकडं करताय गुरुजी?”

“रस्त्याकडं. लोकांना दिसायला पाहिजे.”

“ते दक्षिण झालं! आदिमानव झाला म्हणून काय झालं, दक्षिणेला दार करंल व्हय? पूर्वेला करा.”

“पूर्वेला मुतारीची भिंत आहे.”

“मग त्याला काय त्रास? त्यो घाणीतच ऱ्हायचा की!”

मी दार पूर्वेला केलं, मग लोकांसाठी दक्षिणेला एक भगदाड पाडलं, आणि मग सगळी झोपडीच पश्चिमेला कलली म्हणून तिला तिकडून बांबू दिला. अंगावर घालायला कातडी हवी होती. आमच्या नंदिनीनं, म्हणजे सौभाग्यवतीनं, साखरेची पोती उसवून दिली. देताना म्हणाली, “अहो, आतून बाहेर करून नेसवा. नाहीतर आदिमानवाच्या पाठीवर साखर कारखान्याचं नाव दिसेल.” बायकोनं दिलेला चांगला सल्ला आपण विसरतो. मीही विसरलो.

पण खरा प्रश्न होता तो आदिमानवाचा. जिवंत माणूस आठवडाभर कोण उभा राहणार? शेवटी एका तालमीच्या माळ्यावरून जुन्या देखाव्यातला पुतळा मिळाला. पुतळा मावळ्याचा. अंगानं दणकट, मिशा पिळदार, डोक्याला प्लॅस्टरचा फेटा. मी तलवार काढली, चोळणा काढला, मिशांवर काथ्या चिकटवून दाढी केली. फेटा मात्र निघेना. तो कवटीतूनच ओतलेला होता. आणखी जोर लावला असता तर फेट्याबरोबर बुद्धीही निघाली असती.

“ऱ्हाऊ द्या,” अप्पा म्हणाले. “कोल्हापूरचा आदिमानव हाय. बोडका कसा असंल?”

त्याच्या हातात मी पुठ्ठ्याची कुऱ्हाड दिली. कुऱ्हाडीला चॉकलेटची चांदी लावली. दगडाच्या कुऱ्हाडीला चांदी कशाला, असं तुम्ही विचाराल. तेव्हा कुणीच विचारलं नाही, नाहीतर मी काढली असती.

आणि तेवढ्यात कचेरीचं उत्तर आलं. वर लिहिलं होतं, ‘प्रति, श्री. आदि माने व कुटुंब, शाळेलगतची मोकळी जागा, शिवाजी पेठ.’ खाली, ‘आपण केलेल्या रहिवासाच्या अर्जासोबत भाडेपावती, रेशनकार्ड व मूळ गावचा दाखला जोडलेला नाही. सबब पूर्तता करावी.’

मी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा मोठ्या बाईंनी वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला.

कचेरीत गेलो. तिथले कारकून बाळासो. माणूस अतिशय सभ्य. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तंबाखू पुढं केली आणि मग माझं ऐकायचं नाकारलं.

“बाळासो, हा आदि माने कोण?”

“ते तुम्ही सांगायचं. अर्ज तुमच्या अक्षरात हाय. वळणदार.”

“ते माने नव्हे हो. मानव!”

“आडनाव मानव?”

“आडनाव नाही. आदिमानव! पहिला माणूस!”

“पयला म्हंजे यादीत पयला?”

“जगात पहिला! तो एकटा नाही, तसे लाखो होते. आपण सगळे त्यांचीच पोरं.”

बाळासोंनी टोपी मागं सरकवली. “म्हंजे आपुन सगळं त्या जागंत ऱ्हायला जाणार?”

“कुणीही राहणार नाही! तो मेला. हजारो वर्षांपूर्वी मेला.”

“मयत हाय व्हय? मग आदी सांगायचं न्हाय!” त्यांनी हळहळून मान हलवली. “मयताचा दाखला जोडा. मी लगेच नाव कमी करतो.”

“कोण देणार दाखला? तेव्हा लिहिणंच नव्हतं!”

“नोंद न्हाय म्हंजे मयत न्हाय, गुरुजी. हितं अशी लई माणसं जिवंत हायत.”

मी अर्ज मागून घेतला आणि ओळ दाखवली. ‘आदिमान’ इथं, ‘व’ तिथं. बाळासोंनी तो उलटासुलटा करून बघितला. “मला वाटलं, गडबडीत तुमची एक मात्रा ऱ्हायली. म्हणून म्या दिली. गुरुजी माणसाची चूक चारचौघांत दिसू ने.”

“मग आता काढा ती!”

“आवकेला चढलं की वो. आवकेला आलेला माणूस जावकेतनंच जातो.”

म्हणजे काय ते मला आजही नीट कळलेलं नाही. पण ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी ‘बरोबर आहे’ म्हणून उठलो. पाहणीला येऊन जातो, काही काळजी करू नका, असं त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येतो तो झोपडीतून धूर! धावत गेलो. आदिमानव बाहेर उभा होता, आणि आत चूल पेटली होती. तीन दगडांच्या चुलीपुढं एक बाई भाकरी थापत बसली होती. बाजूला तीन पोरं, एक गाढव, आणि कानाला ट्रान्झिस्टर लावलेला एक माणूस.

“कोण तुम्ही?” मी ओरडलो.

“या पावणं,” बाई म्हणाली. “चा टाकू?”

तिचं नाव बयाबाई, नवऱ्याचं केरबा. धंदा पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावण्याचा. म्हणजे दगड घासून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोड्यानं त्याला पुन्हा खरखरीत करायचं. त्याशिवाय चटणी वाटली जात नाही. पेठ वडगावचं काम उरकून ही मंडळी रात्रीच आली होती.

“ही झोपडी शाळेची आहे, बाई. मुलांना आदिमानव दाखवायला बांधलीय.”

“रिकामी दिसली. आत ह्यो एक फेटेवाला हुता. बोलंना, हलंना. म्हटलं, असंल कुणी पिऊन आलेला. भाईर हुबा केला, राखणीला.” मग तिनं झोपडीकडं एक नजर टाकली. “बांधली कुणी वो? गाढव जरी नुसतं शिंकलं तरी पडंल. आमी रातीला चार दगडं लावून सरळ केलीया.”

खरंच सरळ झाली होती. त्यांना काढायचं तर दोन दिवसांवर देखावा. शिवाय त्यांनी दगड काढून घेतले असते तर झोपडी उरली नसती. मी म्हटलं, “बरं, आठवडाभर राहा.” आणि मग, कुठून सुचलं कोण जाणे, म्हणालो, “पण तेवढी साखरेची पोती—”

“नेसू? आमी?” बयाबाईनं भाकरी तव्यात आपटली. “मास्तर, म्या पाट्याला टाकी लावते, पाटा खात न्हाई. लुगडं हाय माज्याकडं. तुमाला हौस असंल तर तुमी नेसा!”

तो विषय मी तिथंच संपवला.

मात्र पोरांनी त्या दिवशी वर्गात पाय ठेवला नाही. सदतीसच्या सदतीस बयाबाईभोवती कोंडाळं करून बसली. माझ्या आदिमानवाकडं आणि त्याच्या चांदीच्या कुऱ्हाडीकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. बयाबाई पाटा मांडीशी घेऊन बोलत होती.

“दगड हातात धरायच्या आदी कानाला धरायचा. हं, वाजवा. खणखणला तर पक्का. भद्द वाजला तर आतनं भेगाळलेला. त्यो हत्याराला न्हाय.”

सदतीस पोरांनी सदतीस दगड कानाला लावले. तिच्या थोरल्या मुलीनं, शेवंतानं, काळ्या दगडावर दुसरा दगड तिरका हाणला. एक पातळ कपची उडाली. त्या कपचीनं तिनं पेरू कापला, आणि फोडी वाटल्या.

“गुरुजी, सुरी!” इतिहासाच्या तासाचा रश्शावाला ओरडला. “दगडात सुरी हुती!”

“होती ना,” मी म्हटलं. जणू मीच तिथं लपवून ठेवली होती.

मग प्रश्नांची झड लागली. ठिणगी कशी पडते, तिला वाळलं गवत कसं द्यायचं, विस्तव एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला कसा न्यायचा. मी मध्ये घुसून सांगत होतो, की बाबांनो, त्या माणसांकडं बयाबाईंची लोखंडी छिन्नीसुद्धा नव्हती. नुसता दगडावर दगड. आणि कुठला दगड फुटेल, कुठला कंद विषारी, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी, हे सगळं तोंडी पाठ ठेवावं लागे. “लिवायचं न्हवतं?” एकीनं विचारलं. नव्हतं म्हटल्यावर ती म्हणाली, “मग आजी मेली की पुस्तक जळालं म्हणायचं.” वीस वर्षं हा धडा शिकवत होतो, पण हे मला सुचलं नव्हतं.

अशी आमची शाळा बाहेर भरलेली असताना, मी जेवायला घरी गेलो त्या अर्ध्या तासात, बाळासो पाहणी करून गेले. त्यांचा पंचनामा मी नंतर डोळ्यांनी वाचला. त्यात लिहिलं होतं: ‘दारात फेटा बांधलेला एक इसम उभा होता. अंगावर साखर कारखान्याचे नाव असल्याने तेथील कामगार असावा. विचारलेल्या प्रश्नांस उत्तर दिले नाही. सबब त्यास सोडून आत गेलो.’ आत केरबा कॉमेंट्री ऐकत होता. ‘माने कुठं आहेत?’ असं बाळासोंनी विचारायला आणि विकेट पडायला एकच गाठ पडली. केरबा मांडीवर थाप मारून ओरडला, “गेला!” त्यामुळं पुढची नोंद: ‘श्री. माने गेले असल्याचे समजते. कुटुंब व तीन मुले जागेवर आढळली. मुले शाळेत जात नाहीत.’

या एका पंचनाम्याला दोन पिल्लं झाली. जागेच्या खात्यानं झोपडीवर नोटीस डकवली: आदि माने व कुटुंब यांनी सात दिवसांत चालतं व्हावं. शिक्षणाच्या खात्यानं शाळेला हुकूम धाडला: आदि माने व कुटुंब यांची तीन मुलं ताबडतोब दाखल करून घ्यावीत, हयगय केल्यास संबंधितांवर कारवाई होईल. म्हणजे त्यांना घालवायचंही होतं आणि बसवायचंही. संबंधित मीच. मी दोन्ही कागद दोन हातांत धरून मैदानात कितीतरी वेळ उभा होतो. अप्पांनी लांबून बघून आमच्या घरी निरोप दिला की गुरुजींना ऊन लागलंय.

मोठ्या बाईंनी मात्र चष्मा काढला नाही. उलट पुसून नीट बसवला. “सदतीस आणि तीन किती, गुरुजी?”

आकडा माझ्याही डोक्यात घंटेसारखा वाजत होता. पण बाई सरळ. “पोरं खरी आहेत, आईबाप खरे आहेत. शिकवा त्यांना. पट भरण्यापुरती बसवायची नाहीत.” हुकमात इयत्ता लिहिलेली नव्हती, म्हणून आम्ही तिन्ही पोरं तिसरी ब मध्येच बसवली. धाकट्या दोघांना पाटी दिली. शेवंताला वाचता येत होतं! गावोगाव एस.टी.च्या पाट्या वाचून ती शिकली होती. फळ्यावर काहीही लिहिलं तरी शेवटी ‘मार्गे हातकणंगले’ म्हणायची, एवढंच.

देखाव्याला सगळी पेठ लोटली, पण ती पाटे घेऊन बयाबाईकडं; शाळेत नाव घालायला एकही पोर आलं नाही. तीस तारखेला साहेब आले. मोठे साहेब, करड्या सफारीतले. दाराबाहेर बाळासोही उभे होते. सात दिवस भरल्यामुळं झोपडी पाडायला आले होते. साहेबांनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. “चाळीस. ठीक. या तीन नवीन नावांची नोंद माझ्यासमोर करा. हुकमाप्रमाणे. आडनाव माने.”

मी टाक उचलला, आणि दारातून आवाज आला, “कोण माने?”

बयाबाई हातात हातोडा घेऊन उभी होती. कामावरून आलेली, म्हणून हातोडा. पण साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

मी लगबगीनं जवळ गेलो आणि कुजबुजलो, “बयाबाई, शाळेपुरतं माने. एवढ्यावर माझी तुकडी आहे. नुसतं कागदावर!”

“शाळंपुरतं? आन् शेवंता पास झाली, तर ती मान्याची पास व्हणार?” तिला कुजबुजता येत नसे. “कलकुटगी हाय आमचं नाव. कानडीत कल म्हंजे दगड, कुटगी म्हंजे कुटणारा. आमच्या वाडवडलांपास्नं हाय. पंधरा दीस पोरांस्नी सांगताय, पयली माणसं दगड कुटायची, लई हुशार हुती. आन् दगड कुटणाऱ्याचं नाव लिवायची पाळी आली, की मान्याचं लिवताय व्हय मास्तर?”

चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. थापा मारण्यात माझा हात धरणारा पेठेत नव्हता. माने ही तर तयार थाप होती, शिक्क्यासकट. नुसतं लिहायचं होतं. पण का कोण जाणे, टाक चालेना. शेवटी मी साहेबांकडं वळून म्हणालो, “साहेब, आदि माने नावाचा माणूसच नाही. कधी नव्हता. ओळ संपली म्हणून तो जन्माला आला. ही मुलं कलकुटगींची आहेत.”

साहेबांनी कागद पुढं घेतला. “हुकूम माने यांच्या मुलांचा आहे. माने नाहीत, तर हुकूम रद्द. नवीन चौकशी, नवीन हुकूम. आजचा पट सदतीस.” आणि खिशातून पेन काढलं.

मोठ्या बाईंचा हात चष्म्याकडं गेला. माझ्या डोळ्यांपुढं आवक-जावकचं टेबल आलं. त्यावरची शाईची दौत, लाख, टाचण्यांची डबी, सगळं दिसलं.

“साहेब,” बाळासो दारातून खाकरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “हुकूम रद्द केला तर कारण लिवावं लागंल. मानेच न्हवता असं कारण लिवलं, तर नोटीस कुणाला काढली, पंचनामा कुणाचा केला, आवकेला कोण चढला, असं इचारत इचारत वरपर्यंत जाईल. हुकमावर सही आपली हाय.”

साहेबांचं पेन हवेत थांबलं.

“त्यापरास,” बाळासो कागदावर वाकले, “एक शब्द लिवायचा ऱ्हायलाय बगा. ‘आदि माने व’, आन् फुडं ‘कुटुंब’. मधी एक नाव पायजे हुतं. मागं एक मात्रा ऱ्हायली हुती ती म्या दिली, तसंच हेबी.” त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं: “‘आदि माने व कलकुटगी कुटुंब.’ दोन बिऱ्हाडं हुती. माने गेले. पंचनाम्यात हायच, गेले म्हणून. कलकुटगी ऱ्हायले. नोटीस मान्यास्नी हुती, ह्येंना न्हाय. पोरं कलकुटग्यांची.”

साहेबांनी कागद उजेडाला धरला, बयाबाईच्या हातोड्याकडं बघितलं आणि सही केली. जाता जाता म्हणाले, “मार्चअखेर पुन्हा मोजणी होईल. पोरं गैरहजर राहिली तर नावं कमी, आणि तुकडीचा विचार तेव्हा.”

मी इतका हरखलो की ‘मार्चअखेर’ हा शब्द माझ्या कानावरून गेला. तो डोक्यात शिरला चार दिवसांनी. बयाबाई गाढवावर बोचकं बांधत होती.

“कुठं निघालात?”

“पेठंतलं पाटं झालं मास्तर सगळं. टाकी लावलेला पाटा साल-साल चालतो. आता हितं बसून खायाचं काय? हुपरीला जातो.”

“आणि शेवंताची शाळा?”

बयाबाईचा हात दोरीवर थांबला. “मलाबी वाटतंय की. पन काम संपलं की गाव संपलं. असंच असतंय आमचं.”

मी म्हटलं, फक्त दोन दिवस थांबा. आमच्या गल्लीत एक-दोन पाटे राहिलेत. राहिलेला एकही नव्हता. पण ही थाप मारताना जीभ अजिबात अडखळली नाही.

घरी गेलो. नंदिनी देवळात गेली होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, नुकताच टाकी लावलेला पाटा पुढ्यात घेतला आणि विटेचा तुकडा घेऊन घासायला लागलो. तासाभरात घामाघूम झालो, पाटा वीतभर गुळगुळीत झाला, आणि नंदिनी दारात उभी.

“अहो! काय करताय?”

“तिसरी ब चालवतोय,” मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, एकाही थापेशिवाय. तिला ते थाप वाटलं. पण तिनं पदर खोचला, माझ्या हातातून वीट घेतली आणि म्हणाली, “उभी धरून घासतात का? आडवी धरायची. आणि तुम्ही वरवंटा घ्या.”

पुढचं काम तिनं केलं. हळदीकुंकवाच्या निमित्तानं ती पेठेत घरोघर गेली. कुठं काय सांगितलं मला माहीत नाही, पण जानेवारीपासून दुपारी दोनच्या सुमाराला घराघरातून वीट घासल्याचा खर्र खर्र आवाज यायचा, आणि संध्याकाळी त्याच घरांतून बयाबाईच्या हातोड्याचा टकटकाट. ती एकदा आमचा पाटा उलटासुलटा करून म्हणाली, “मास्तर, आठ दिसात गुळगुळीत? काय दगडाची चटणी वाटताय?” आणि माझ्याकडं न बघता टाकी लावायला बसली. नंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. शेवंता रोज पहिल्या बाकावर असायची.

टाकी लावलेल्या पाट्यावरच्या पहिल्या चटणीत थोडी कच येतेच. पण त्या साली पेठेत पहिलीच चटणी चालू होती, मार्चअखेरपर्यंत. एक दिवस अप्पा कवळी हातात घेऊन आमच्या दारात आले.

“गुरुजी, काय चाललंय काय? आज तीन महिनं घरात चटणीला कच लागतीया. दाताचं पीठ झालं!”

“कच नाही अप्पा,” मी म्हटलं, “तिसरी ब आहे ती. चावून खा.”